डायलवरचे ठिपके : एका बॅटरी रेडिओच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार. गावचं घर, अमळनेर तालुका

सेट माळ्यावरून खाली काढला. लाकडी पेटी, पुढे मळकं कापड, त्याखाली काचेची डायल आणि खाली बटणं. कंपनीची पाटी गेली आहे, खिळ्यांची भोकं तेवढी राहिली आहेत. मागचा पुठ्ठा उंदरांनी खाल्ला. आत चार व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या काचेच्या नळ्या, शाबूत दिसतात: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. म्हणजे हा विजेवरचा सेट नव्हेच. गावात खांब येण्याआधीचा, बॅटरीवरचा. व्हॉल्व्हच्या तारेला दीड व्होल्टचा सेल आणि वरच्या कामाला नव्वद व्होल्टचा जड पॅक, अशी त्याची दुहेरी भूक.

दुरुस्ती हे अर्धंच काम. मला खरं कुतूहल आहे ते डायलवरच्या ठिपक्यांचं. काचेवर तैलरंगाचे चार ठिपके आहेत: दोन लाल, एक पांढरा, एक निळा. ते मोठ्या मायनं, म्हणजे आजीनं, लावले. वडील सांगतात, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग ती काडीनं लावायची. तिला वाचता येत नव्हतं. डायलवर छापलेले आकडे तिच्या काही कामाचे नव्हते.

कोणता ठिपका कोणत्या स्टेशनाचा हे शोधायचं, एवढाच हा प्रकल्प. अडचण अशी की काटा एकच आणि पट्ट्या तीन: मीडियम वेव्ह आणि दोन शॉर्ट वेव्ह. काचेवरच्या एका ठिपक्याखाली तीन पट्ट्यांवरची तीन वेगवेगळी ठिकाणं येतात. त्यामुळे एकेका ठिपक्याला तीन-तीन दावेदार.

वडिलांना नीट आठवत नाही. "सिलोन होतं एक," म्हणाले. रेडिओ सिलोन, कोलंबोहून हिंदी गाणी लावणारं. ते तर सगळ्यांचंच होतं.

१९ एप्रिल, शनिवार. अमळनेर

अप्पांकडे सेट नेला. अप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान कधीचंच बंद झालं, आता तिथे त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. पण मागच्या खोलीत सोल्डरिंग गन, सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लहर काढून देणारं यंत्र) आणि व्हॉल्व्हचे डबे अजून आहेत. पेटी उघडायच्या आधी त्यांनी ती हुंगली. "जळेल वास नही. ट्रान्सफॉर्मर वाचेल दिसे."

मग ताकीद दिली. या सेटात नव्वदची वायर चुकून दीडच्या वायरीला टेकली की चारही व्हॉल्व्हच्या तारा एका क्षणात तुटतात. तेव्हा असं एकदा झालं की गिऱ्हाईक रडकुंडीला यायचं. म्हणून पॅकचे प्लग वेगवेगळ्या मापाचे असत, उलटे बसूच नयेत म्हणून. आमच्या सेटाचे प्लग कोणीतरी कापून नुसत्या उघड्या वायरी ठेवल्या आहेत. अप्पांनी आधी त्या वायरींना लाल-काळी नळी चढवली, मग बाकीचं.

कागदी कंडेन्सर सगळे बदलायचे ठरले. वरून ते चांगले दिसतात, पण आतला कागद ओल धरतो आणि वीज झिरपू देतो. आवाज मोठा करणाऱ्या डीएल ९६ च्या ग्रिडवरचा, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवरचा, सगळ्यात आधी, कारण तो झिरपला की तो व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो आणि बॅटरीही खातो. डायलची दोरी कुजली आहे. अप्पा म्हणाले, मासे धरायची विणलेली दोरी आण, साधं नायलॉन नको, ते ताणतं आणि मग काटा खोटं बोलतो. माझ्या कामात काट्यानं खोटं बोलून चालणारच नाही.

व्हॉल्व्ह चारही जिवंत निघाले. तसे ते पेटल्यासारखे दिसत नाहीत. दीड व्होल्टच्या या जातीत तार इतकी बारीक की उजेडच पडत नाही. अप्पांच्या नातवाचा त्यामुळे हिरमोड झाला.

२० एप्रिल, रविवार

काच पुसली. पाण्यात बोळा भिजवून, ठिपक्यांच्या कडेकडेनं. साबण नाही, स्पिरिट तर मुळीच नाही. मळाखाली आणखी रंग निघाला.

एक लाल ठिपका आणि पांढरा ठिपका, या दोघांच्या खाली तशाच रंगाचा आणखी एक बारीक टिपका आहे. म्हणजे जोडी. दुसरा लाल आणि निळा मात्र एकेकटे. पट्टी बदलायचं बटण फिरवून पाहिलं: पहिल्या खटक्याला मीडियम, दुसऱ्याला शॉर्ट. एक टिपका म्हणजे पहिला खटका, दोन टिपके म्हणजे दुसरा? तसं असेल तर तिसऱ्या खटक्यावर ती कधी गेलीच नाही.

वडिलांना दाखवलं. ते काचेकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आम्ही पोरं उगाच फिरवायचो म्हणून ती ओरडायची, एवढंच मला माहीत."

२७ एप्रिल, रविवार. अमळनेर

नवीन दोरी बसली. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून नव्वदचा पॅक केला. जुना पॅक आता कुठे मिळायचा? व्हॉल्व्हच्या तारांना एक मोठा सेल. चारही तारा मिळून १२५ मिलिअँपिअर घेतात: तीन व्हॉल्व्ह पंचवीस-पंचवीस आणि शेवटचा पन्नास. नव्वदच्या बाजूचा करंट मीटरवर पाहिला, दहाच्या थोडा वर. आकडे लहान दिसतात, पण पॅक महाग आणि तो मिळायचा तालुक्याला. अप्पांच्या आठवणीत पॅक संपला की शेतकरी कपाशीचे पैसे हातात येईपर्यंत सेट झाकून ठेवायचे.

इथे ठिपक्यांचं कारण लागलं असं मला वाटतं. स्टेशन शोधत काटा फिरवणं म्हणजे फुकट बॅटरी जाळणं. ठिपक्यावर काटा आणून ठेवायचा आणि मग बटण दाबायचं. व्हॉल्व्हचे बाकीचे सेट तापायला वेळ घेतात, हे बॅटरीवाले लगेच बोलू लागतात. कार्यक्रम सुरू होताना चालू, संपताना बंद. अधलंमधलं एक मिनिटही वाया नाही.

सिग्नल जनरेटर लावून काटा एकेका ठिपक्यावर नेला आणि आकडे लिहून घेतले.

एकटा लाल, मीडियमवर: ६५० किलोहर्ट्झच्या आसपास.
निळा, मीडियमवर: ९६० च्या जरा पुढे.
जोडीचा लाल, शॉर्टवर: ४१ मीटर (शॉर्टवर लहरीची लांबी मोजतात).
जोडीचा पांढरा, शॉर्टवर: २५ मीटर.

निळा लगेच ओळखला. जळगाव आकाशवाणी, ९६३ किलोहर्ट्झ. मीटरमध्ये करायचं तर तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागायचं, तीनशे साडेअकरा येतात. केंद्र १९७६ चं, म्हणजे हा ठिपका सगळ्यात धाकटा. किलोहर्ट्झच्या बारीक हिशोबात शिरत नाही, कारण १९७८ च्या नोव्हेंबरात मीडियम वेव्हच्या स्टेशनांची अमेरिका खंड सोडून बाकी जगात फेरमांडणी झाली आणि आपल्याकडे ती नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर आली. त्याआधीचे आकडे दोन-चारांनी इकडेतिकडे असणार. डायलवर एवढा फरक काट्याच्या जाडीतच जातो.

एकट्या लाल ठिपक्यावर मात्र अडलो. मला पुणं हवं होतं, किंवा मुंबई. पुणं ७९२ ला, तिथे ठिपका नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई (आत्या) माहेरी आली आहे, धाकटी काकी तर घरातच असते. दोघी एकत्र सापडायचा हा एकच दिवस. सकाळी घागर भरणं झालं, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस. निंबाला झोका बांधलेला, पोरी तिकडे. मी सेट ओट्यावर आणून ठेवला आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. फुईनं आधी पेटीवरून हात फिरवला आणि मग मलाच विचारलं, एरियलची तार कुठे गेली म्हणून.

तार निंबापासून धाब्यापर्यंत, म्हणजे घराच्या छतापर्यंत, होती. आणि अर्थिंगची वायर मोरीच्या बाहेर जिथे पाणी मुरायचं तिथे पुरलेली. उन्हाळ्यात जमीन सुकली की रेडिओ खरखरायचा, मग मोठी माय तिथे तांब्याभर पाणी ओतायची. "रेडूले पानी पाजनं," असं तिचं बोलणं.

पांढऱ्या ठिपक्याचं उत्तर काकीनं चुटकीसरशी दिलं. "हाई सकायनं सिलोन." आणि जोडीचा लाल? "हाई रातनं सिलोन."

एकाच स्टेशनाला दोन ठिपके का, असं विचारलं तर दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांच्या लेखी ती दोन स्टेशनंच होती. सकाळचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं, माणसं तीच असली तरी. आणि एका अर्थी ते बरोबरच आहे. शॉर्ट वेव्ह आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून परतून येते. दिवसा उन्हानं हे थर दाट होतात, तेव्हा वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे कमी मीटर, चांगल्या चालतात. रात्री थर विरळ झाले की खालच्या फ्रिक्वेन्सीवर यावं लागतं. कोलंबोहून आमचं गाव सरळ रेषेत सोळाशे किलोमीटरच्या वर. तेवढ्या लांबून येणारा आवाज मोठ्या मायनं सकाळी पांढऱ्यावर आणि रात्री लालवर धरला होता.

सकाळचं सिलोन म्हणजे घड्याळ. जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं असे आणि ते संपलं की आठ. घरात घड्याळ नव्हतं. सैगल लागला की मजूर बाया भाकरी बांधून निघत, पोरं पाटी शोधायला धावत. फुईला सैगलचा आवाज आजही आवडत नाही. "त्यानं गायलं की शाळेत जावं लागायचं."

रातचं सिलोन म्हणजे बुधवार, आठ वाजता. बिनाका गीतमाला, हिंदी गाण्यांचे क्रमांक लावणारा कार्यक्रम, निवेदक अमीन सयानी. कार्यक्रम १९५२ पासून चालत आलेला. दिल्लीच्या मंत्र्यांना सिनेसंगीत हलकं वाटलं आणि आकाशवाणीवर ते आटलं, त्याचा फायदा सिलोननं उचलला. सरकारनं विविध भारती सुरू केली ती १९५७ च्या ऑक्टोबरात. तोवर लोकांचा कान कोलंबोला लागून गेला होता. अभिरुची वरून लादायला निघालं की लोक खुंटी फिरवतात, हे कोणत्याही मंत्र्याला कळायला हवं होतं.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सयानी बोलायचे मुंबईत. टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज परत आमच्या निंबाच्या तारेवर यायचा. मुंबई गावापासून जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर, पण तिथला माणूस ऐकायला श्रीलंकेचा फेरा.

बुधवारी ओट्यावर बाप्ये आणि उंबऱ्याच्या आत बाया. अख्ख्या गल्लीत सेट एकच. 'बहनों और भाइयों' आलं की काकीची सासू, म्हणजे मोठी मायच, पदर सावरून बसायची. परका माणूस बोलतोय म्हणून! काकी हे सांगताना इतकी हसली की रेकॉर्डिंगमध्ये पुढची काही वाक्यं कळतच नाहीत.

पहिल्या क्रमांकाचं गाणं कोणतं यावर पैजा लागत. पैसे नाहीत, शेंगा. ओट्याखाली सकाळी टरफलांचा सडा पडलेला असे.

मग एकट्या लालचा प्रश्न काढला. फुई म्हणाली, ते पुणं. काकी म्हणाली, "पुनं कोठे लागे दिवसा? ते इंदूर."

आकडा काकीच्या बाजूचा आहे. इंदूर ६४८ ला. सरळ रेषेत आमच्यापासून दोनशे किलोमीटर, पुणं तीनशे. मध्ये सातपुडा आहे, पण मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, डोंगर तिला टीव्हीइतका आडवा येत नाही. दिवसा मीडियम वेव्हचा आकाशातला रस्ता बंद असतो, खालचा थर ती लहर गिळून टाकतो; सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं उगवतात. म्हणून पुणं रात्री, तेही चढत-उतरत. बातम्या नीट कळतील असं दिवसभराचं स्टेशन म्हणजे मध्य प्रदेशातलं, हिंदीतलं.

फुईला हे पटलं नाही. ती म्हणते, मी पुण्याच्या बातम्या ऐकल्या आहेत, 'सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे' हे मला अजून म्हणून दाखवता येतं. म्हणूनही दाखवलं, अगदी त्या ठेक्यात. फुई लग्न होऊन गेली ती नाशिककडे. तिचं पुणं तिथलं असू शकेल. ते तिला मी बोललो नाही, सणाचा दिवस होता.

४ मे, रविवार

आखाजीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून उतरवून काढलं. निळ्या ठिपक्याबद्दल काकी जे बोलली ते तेव्हा गडबडीत निसटलं होतं.

तोवर घरात वीज आली होती आणि काकांनी चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर आणला होता. तो काकांबरोबर शेतात जायचा. त्याचे सेल उतरले की धाब्यावर उन्हात ठेवायचे, मेच्या उन्हात दोन दिवसांचं आयुष्य वाढायचं. जुना सेट मोठ्या मायकडेच राहिला, आणि जळगाव सुरू झाल्यावर तिनं निळा ठिपका लावला. त्या सालच्या पोळ्याला शिंगं निळी होती, हे काकीला ठाम आठवतं, कारण लाल रंग दुकानात संपला होता.

जळगाव लागल्यावर मोठी माय काय ऐकायची? काकी: शेतीचं, आणि बायांचं. सुरुवातीला तिला तो कार्यक्रम रेडिओवरचा वाटेचना. "हाई तं आपलाच गावनं कोनी बोली ऱ्हायनं," म्हणाली. इतकी वर्षं रेडिओ म्हणजे दुसऱ्यांची बोली: सिलोनची उर्दूमिश्रित हिंदी, इंदूरची हिंदी, रात्री कधी पुण्याची मराठी. केळी, कापूस, गिरणा नदीचं पाणी हे शब्द पेटीतून यायला १९७६ उजाडावं लागलं.

मला या नोंदी करताना जाणवतं की रेडिओच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईचे. वनिता मंडळ हा बायकांचा कार्यक्रम, श्रुतिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर सुरू झालेलं गीतरामायण, दर आठवड्याला नवं गाणं. ते सगळं खरंच थोर होतं. पण आमच्या डायलवर त्यातल्या कशालाच ठिपका नाही. गीतरामायण आमच्या गावात पोचलं ते पुढे गणपतीच्या मांडवातल्या तबकड्यांवरून.

माळ्यावरच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक सापडलं. पोस्टात दरवर्षी पंधरा रुपये भरायचे आणि पानावर तिकीट-शिक्का मारून घ्यायचा. परवाना न घेता रेडिओ ठेवणं गुन्हा होता. पानं मधूनमधून कोरी आहेत. १९७२ चंही कोरं आहे, ते दुष्काळाचं साल, त्याचं कारण कोणाला विचारायची गरज नाही.

११ मे, रविवार

सगळं जोडून गावात चालू केला. तार पुन्हा निंबापासून धाब्यावर, अर्थिंग मोरीबाहेर, तांब्याभर पाणी काकीनं स्वतः ओतलं. संध्याकाळी ढग आले होते, सातपुड्याच्या बाजूला वीज चमकत होती. प्रत्येक चमकेला स्पीकरमधून कडाड्. मीडियम वेव्ह अशा हवामानात ऐकवत नाही, तेव्हाही नसणार.

दुसरा खटका, काटा जोडीच्या लाल ठिपक्यावर. शिट्टी, खरखर आणि मग स्वच्छ बाईचा आवाज, चिनी भाषेत. गल्लीतली पोरं जमली होती, त्यांना तेवढंही पुरलं. एकानं विचारलं, यात ब्लूटूथ टाकता येईल का. पेटीत जागा भरपूर आहे, टाकता येईलही. टाकणार नाही. तसे सेट बाजारात ढिगानं मिळतात, आणि ठिपक्याला त्यात काही काम उरत नाही.

काकी ओट्यावर येऊन बसली. चिनी बाई बोलत राहिली. काकीनं बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "समजत काय नही, पन बोलस गोड." थोड्या वेळानं: "आते बंद कर. बॅटरी खाई ऱ्हायना तो."

१ जून, रविवार

आवाजात अजून थोडी भुणभुण आहे, डीएएफ ९६ चा सॉकेट सैल आहे. अप्पा म्हणतात बदलू नको, पाय चिमट्यानं आवळ.

डायलचा कागदावर मापात नकाशा काढला: चार ठिपके, त्यांचे खटके, मीटर, कोण काय म्हणालं. एकट्या लाल ठिपक्यापुढे 'इंदूर (काकी), पुणे (फुई)' असंच लिहिलं आहे. फुईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, पुणे आधी लिही.

शेजारच्या गल्लीतल्या जिभाऊंनी निरोप पाठवला आहे, त्यांच्याकडेही असाच एक सेट कोठीत पडून आहे आणि त्याच्या काचेवर खडूनं काहीतरी लिहिलेलं आहे. पुढच्या रविवारी पाहायला जायचं. त्यांना सांगून ठेवलं आहे, तोवर काच पुसू नका.